पन्हाळा ते मसाई: लाव्हावरची पायवाट

शाळेत ज्वालामुखीचा धडा झाल्यापासून भाचीचा हट्ट होता, "मामा, आपल्या जवळचा ज्वालामुखी दाखव." म्हणून सप्टेंबरातल्या एका रविवारी तिला घेऊन पन्हाळ्यावरून मसाई पठारावर चालत गेलो.

"तोंड कुठाय त्याचं?" तिनं पुसाटी बुरुजापाशीच विचारलं. तोंड नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनची जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि पातळ लाव्हा चहूकडं पसरला. एक थर थिजला की काही काळानं त्यावर दुसरा. पन्हाळा काय नि जोतिबाचा डोंगर काय, लाव्हा उसळून उभे राहिलेले नाहीत. भोवतालचा दगड नद्यांनी, पावसानं झिजवून नेला आणि हे मागं राहिले.

राजदिंडीची वाट उतरताना एका धोंड्याशी आम्ही बराच वेळ बसलो. काळा कातळ, त्यात मटकीएवढी भोकं. थिजत्या लाव्हातून वाफ आणि वायू वर येताना अडकले, त्यांचे हे बुडबुडे. काही भोकं पांढऱ्या खनिजानं भरलेली, नखानं खरवडली तरी निघेनात. भाचीनं बोट फिरवत सतरा मोजली. असा सच्छिद्र दगड बहुतेक थराच्या माथ्याकडं सापडतो, पोटातला दगड घट्ट असतो. अंबाबाईचं देऊळ बांधलं तेही याच काळ्या पाषाणात.

तुरुकवाडी, म्हाळुंगे करत पठारावर पोचायला आम्हाला तीन तास लागले. वर पाय ठेवला की दगडच बदलतो. हा जांभा. उष्ण, पावसाळी हवेत बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा तो काळा कातळ, कुजत गेला, बाकीचं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. म्हणून तो लाल. मातीचा थर जेमतेम बोटभर, नत्र कमी. त्यामुळंच इथली सीतेची आसवं ही इवलीशी निळी-जांभळी फुलं मुळांसारख्या तंतूंवरच्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून भूक भागवतात. भाचीला हे तोंड नसलेल्या ज्वालामुखीपेक्षा जास्त पटलं.

याच फुलांवरून लोक गाड्या घालतात. चाकाच्या दोन ओळींत चिखल, बाजूला जांभळा गालिचा, बघून जीव तुटला. कृपा करून गाडी खाली लावा आणि चालत या.

दुपारी धुकं उतरलं आणि मसाई देवीचं देऊळ पाच मिनिटांत दिसेनासं झालं. म्हाळुंग्याचा एक गुराखी भेटला म्हणून बरं. "पावणं, कड्याकडं जाऊ नगासा, हितंच थांबा," म्हणाला आणि धुकं विरळ होईपर्यंत सोबत बसला. पठार सपाट, खुणेला झाड नाही, कडा एकदम समोर येतो. चार वाजायच्या आत परतीला लागा. वीज कडाडायला लागली तर उघड्यावर थांबूच नका, खाली गावात उतरा.

शेवाळलेल्या जांभ्यावर घसरून माझी नडगी सोलली; तो कोरडा असताना खरखरीत, ओला झाला की साबण. पकड असलेले बूट घाला. माणशी दोन लिटर पाणी घ्या. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी गुरं तिथंच पितात.

कोल्हापुरातून पन्हाळ्याला एसटी आहे, अंतर साधारण 20 किलोमीटर. परतीची शेवटची गाडी चढायच्या आधीच कंडक्टरला विचारून घ्या. जुलैत पावनखिंडीच्या मोहिमांची गर्दी असते. दगड निवांत बघायचा तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा, तोही आठवड्याच्या मधला वार.