नववं गाणं संपल्यावर

"मावशी, यांचा पुढचा अल्बम लाव ना."

भाची भांडी पुसत होती, मी पोळ्या लाटत होते. नववं गाणं संपलं आणि फोनवर आपोआप भलत्याच कुणाचं तरी गाणं सुरू झालं. माझं लाटणं तसंच हातात राहिलं.

पुढचा नाहीये गं.

व्हायोला बीच. इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या चार पोरांचा बँड. २०१५ मध्ये 'स्विंग्ज अँड वॉटरस्लाइड्स' हे गाणं आलं, २०१६ च्या सुरुवातीला 'बॉइज दॅट सिंग'. आणि १३ फेब्रुवारीला स्वीडनमध्ये कार्यक्रम करून परतताना त्यांची गाडी पुलावरून खाली कालव्यात कोसळली. चौघंही गेले, सोबतचा मॅनेजरही.

घरच्यांनी हाती होतं तेवढं जमवून जुलैत अल्बम काढला. नऊ गाणी. तो ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत थेट पहिल्या नंबरावर गेला. ऐकायला ते नव्हते.

त्याआधी जूनमध्ये ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाच्या मोठ्या स्टेजवर कोल्डप्ले या प्रसिद्ध बँडने पडद्यावर या पोरांना गाताना दाखवलं आणि मग स्वतः त्यांच्या गाण्यात सूर मिसळला. ते दृश्य मी आजही सलग बघू शकत नाही.

मला छळतं ते हे, की गाण्यांत दुःखाचा मागमूस नाही. गिटार कशी उड्या मारत येते! पुढे खूप वेळ आहे असंच समजून गायलेत.

भाची गप्प झाली. मग ओले हात फ्रॉकला पुसून तिने पहिलं गाणं पुन्हा लावलं.

तुमच्याकडे आहे का असा एकच अल्बम, ज्याच्या पुढे काहीच नाही?