आमची वाटचाल: फोन आणि हेडफोनच्या मधली डबी

माझ्याकडे ३०० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) हेडफोन होता आणि आयपॉडवर तो कसाबसा वाजायचा. व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला तरी ड्रमचा ठोका दबलेलाच. जास्त ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज लागतं आणि खिशातल्या प्लेअरकडे ते पुरेसं नसतं, हे तेव्हा कळलं. चू मॉय नावाच्या एका हेडफोनप्रेमीनं आखलेलं छोट्या अॅम्प्लिफायरचं, म्हणजे आवाजाचा सिग्नल वाढवणाऱ्या अॅम्पचं, सर्किट हौशी मंडळी घरी बनवायची: एक ऑप-अॅम्प (सिग्नल वाढवणारी चिप), नऊ व्होल्टची बॅटरी, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर आणि पेपरमिंटची पत्र्याची डबी. मीही बनवलं. तो ठोका पहिल्यांदा मोकळा ऐकू आला. मग मित्रांनी डब्या मागितल्या, त्यांच्या मित्रांनी मागितल्या आणि आम्ही तिघांनी फर्म काढली.

पहिल्या खेपेत आम्ही गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, ११ पट ठेवला. मोठा आवाज म्हणजेच चांगला अॅम्प, अशी समजूत होती. महिनाभरात एक नग परत आला. ग्राहक कानात घालायचे इअरफोन वापरत होते. व्हॉल्यूमची खुंटी जेमतेम हलवली की आवाज फक्त डाव्या कानात यायचा, आणि दोन गाण्यांच्या मध्ये सतत ‘स्स्स’. दोष आमचाच होता. त्या खुंटीच्या अगदी सुरुवातीच्या फिरकीत डावी-उजवी बाजू जुळत नाही, आणि संवेदनशील इअरफोनला तेवढीच फिरकी पुरते. शिवाय वाढीव गेनबरोबर खरखरही वाढते. सगळे नग परत मागवले आणि गेनचं बटण बसवलं. मोठ्या हेडफोनला ‘हाय’, इअरफोनला ‘लो’. अॅम्पचा आउटपुट इम्पीडन्सही, म्हणजे बाहेर जाणाऱ्या सिग्नलला त्याचा स्वतःचा विरोध, एक ओहमच्या खाली आणला. बॅलन्स्ड आर्मेचर (कानात घालायच्या इअरफोनमधला इवल्या स्पीकरचा एक प्रकार) इअरफोनचा इम्पीडन्स सुरागणिक बदलत असतो. अॅम्पचा जास्त असला तर आवाजाचा रंगच बदलतो.

आयपॉडच्या ३० पिनांच्या सॉकेटातून लाइन-आउट मिळायचा, म्हणजे प्लेअरचा स्वतःचा अॅम्प टाळून थेट सिग्नल. आमची आखूड केबल त्यासाठीच होती. २०१२ मध्ये नवं सॉकेट आलं आणि ती केबल बाद झाली. मग लोक फोनच्या हेडफोन सॉकेटातून अॅम्प जोडू लागले. त्यांना आम्ही एवढंच सांगायचो: फोनचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवा, आवाज फाटला तर एक-दोन घरं खाली या, बाकी कमी-जास्त अॅम्पवर करा.

रबरबँडने फोनला बांधलेला अॅम्प फोन वाजायच्या आधीच ‘टरर् टरर्’ करू लागायचा. टू-जी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओचा झटका पाठवतो, तो इनपुटच्या वायरीतून आत शिरतो. प्लास्टिकची बॉडी सोडून आम्ही धातूची घेतली, ती ग्राउंडला जोडली, इनपुटवर फेराइट बीड (रेडिओचे झटके अडवणारे छोटे मणी) टाकले. या एका गोष्टीत आमचं अख्खं वर्ष गेलं आणि त्याचं मला आजही समाधान आहे.

२०१४ मध्ये अँड्रॉइड ५.० यूएसबी ऑडिओ, म्हणजे यूएसबी सॉकेटातून डिजिटल आवाज, घेऊन आलं, २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅकच गेला. नुसत्या अॅम्पवर भागणार नव्हतं, डॅक (डिजिटल आवाजाचा हेडफोनला चालणारा सिग्नल करणारी चिप) आत घ्यावाच लागला. पहिला नमुना फोनवर छान वाजला, टॅबलेटला लावला तर जोडलेलं उपकरण जास्त वीज खेचतंय, असा संदेश येऊन बंद. आमची डबी जोडल्या जोडल्या टॅबलेटच्या विजेवर स्वतःची बॅटरी चार्ज करायला घेत होती! फोनवरही तेच होत होतं, फक्त तिथे संदेश न येता फोनची बॅटरी गुपचूप उतरायची. तेव्हापासून आमच्या अॅम्पला दोन सॉकेट असतात, डेटाचं वेगळं, चार्जिंगचं वेगळं.

विचारायला येणाऱ्यांना मी आधी हेडफोन कोणता ते विचारतो. साधा ३२ ओहमचा असेल आणि फोनवर अर्ध्या व्हॉल्यूमला भरपूर वाजत असेल, तर अॅम्प घेऊ नका म्हणून सांगतो. गाणं मुळातच खराब रेकॉर्ड झालेलं असेल तर आमची डबी त्याला सुधारू शकत नाही, हेही सांगतो.

प्रत्येक नग खोक्यात जाण्याआधी माझ्या टेबलावर येतो. सगळ्यात संवेदनशील इअरफोन लावायचा, गेन ‘हाय’वर, गाणं बंद, शेजारी जपून ठेवलेला जुना फोन, आणि त्यावर कॉल करायचा. मिनिटभर डोळे मिटून ऐकतो. काहीच ऐकू आलं नाही की नगाच्या चिठ्ठीवर सही करतो.