भट्टीवरचं पाणी

आज चोपड्याजवळच्या एका वीटभट्टीवर वहिनीसोबत गेलतो, ती आशा सेविका आहे ना, गोवरचा डोस चुकलेल्या पोरांची यादी करत होती. सातपुड्यातून आलेली पावरा आदिवासी कुटुंबं. गावातल्या नळावर यांना उभं राहू देत नाहीत म्हणून नाल्याचं पाणी, फडक्यातून गाळलेलं, तरी हंड्याच्या तळाशी चिखल. दवाखान्यात का नाही गेली विचारलं तर बाई म्हणे, "तिथं वसकतात, भाऊ." २०१७ मध्ये म्यानमारमधून बांगलादेशात कॉक्स बाजारला पळालेल्या रोहिंग्यांत घटसर्प पसरला, बऱ्याच जणांना मायदेशात लसच धड मिळाली नव्हती, तेव्हा वाचलं आन विसरलो, ते आज आठवलं. गोवर थांबायला साधारण ९५ टक्के पोरांना दोन्ही डोस लागतात भो, नळावर हाकलून तो थांबतो का! पाच पोरं सापडली, सहावं आम्हाला बघून केळीत पळालं.