ऐकणारं कोणीच नाही

काल संध्याकाळी दोन लॅपटॉप शेजारी ठेवून मी त्यांना एचडीएमआय केबलने जोडले, आणि दोन्ही पडदे जसेच्या तसे राहिले. भाषांतर करताना मूळ मजकूर एका पडद्यावर आणि मराठी दुसऱ्यावर असावे, एवढ्यासाठी जुना लॅपटॉप कपाटातून काढला होता.

केबल तिसऱ्यांदा काढून लावत असताना लेक शांतपणे म्हणाली, "आई, दोघंही बोलतायत. ऐकणारं कोणीच नाहीये."

तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट जवळजवळ नेहमीच केवळ चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतो. आतला पडदा वेगळ्या जोडणीने थेट मदरबोर्डला, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डला, बांधलेला असतो, त्यामुळे बाहेरून आलेल्या चित्राला त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाटच नसते.

शेवटी काम वाय-फायवर झाले. जुन्या लॅपटॉपवर विंडोजमधील 'वायरलेस डिस्प्ले' ही ऐच्छिक सुविधा बसवली, नव्यावर विंडोज आणि के ही बटणे एकत्र दाबली, आणि माझा मजकूर पलीकडे उमटला. माउसचा बाण किंचित मागे रेंगाळतो, पण वाचनाला त्याची अडचण होत नाही.

तरीही मन त्या केबलपाशीच अडकले आहे. मदरबोर्ड गेलेले, परंतु पडदा अजून लख्ख असलेले किती लॅपटॉप भंगारात जात असतील! पडद्याच्या मॉडेल क्रमांकाशी जुळणारा कंट्रोलर बोर्ड, म्हणजे बाहेरून आलेले चित्र पडद्यापर्यंत पोहोचवणारा सर्किट बोर्ड, मिळाला, तर त्या सुट्या पडद्याचाही मॉनिटर होऊ शकतो. आपल्यापैकी कोणी हे घरी करून पाहिले आहे का?