भाषा येत नाही, मग परीक्षण कसलं लिहिता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या सांगलीत विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, परवा तर गालाला साबण लावलेला असताना न्हाव्यानंच विचारलं, सर तुम्हाला कोरियन येत नाही, इटालियन येत नाही, मग पिक्चर चांगला का फालतू ठरवता कशावरनं? आता सबटायटल असतात हो, पण खरं उत्तर ते नाही. पिक्चर काढणाऱ्याला घरातल्या साध्या वस्तू माहितीयत का, एवढंच मी बघतो.

कोरियन दिग्दर्शक बाँग जून-होचा 'पॅरासाइट' घ्या, २०१९ चा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णामाई आमच्या गावभागातल्या घरात आलेली. लोकांना वाटतं पुराचं पाणी दारातनं येतं. अहो, आधी ते मोरीतनं आणि संडासातनं येतं, उलटं, काळं, बुडबुडे काढत. आम्ही संडासाच्या भांड्यात वाळूचं पोतं कोंबलं, वर पाटा ठेवला, पाटा डुगडुगायला लागला तशी माडीवर पळालो. आणि त्या पिक्चरमध्ये तळघरातलं घर बुडतंय, संडासातनं काळं पाणी उसळतंय आणि ती पोरगी झाकण दाबून त्याच्यावर बसते, छतात लपवलेली सिगारेट काढते आणि ओढत बसते! पुढची पाच मिनिटं मी काय बघितलं देव जाणे, डोक्यात पाटाच. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतल्या पिक्चरला बेस्ट पिक्चरचं ऑस्कर पहिल्यांदा ह्यालाच मिळालं, ते ठीकच आहे, पण माझे मार्क त्या झाकणाला.

इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) आईबरोबर बघितला. ती सबटायटल वाचत नाही, शेंगा फोडत बसलेली. नवऱ्याला काम मिळालंय पण सायकल गहाण पडलीय, म्हणून बायको अंथरुणावरच्या चादरी काढून गहाण टाकायला नेते. तिथला माणूस ते गाठोडं घेऊन फळ्यांवर चढतो, आणखी वर, आणखी वर, आणि छतापर्यंत नुसती गाठोडीच गाठोडी. आईचा हात थांबला. म्हणाली, "एवढ्या जणींच्या?" मी निओरिअॅलिझमवर, म्हणजे साध्या माणसांचं खरं जगणं दाखवायच्या त्या इटालियन पद्धतीवर, पाच पॅरे लिहून ठेवले होते, ते पुसले.

चुकतोही. हंगेरियन दिग्दर्शक बेला तारच्या 'ट्युरिन हॉर्स'मध्ये अडीच तासात तीसेक शॉट, बाहेर वारा आणि घरात बाप-लेक रोज एकेक उकडलेला बटाटा खातायत. मी झोपलो आणि वर बिनधास्त 'कंटाळवाणा' लिहून मोकळा. पुढं परत लावला तेव्हा लक्षात आलं, बापाचा एक हात चालतच नाही, तो चटके बसत असताना एकाच हाताच्या बोटांनी साल ओढतोय. पहिल्या वेळी हे दिसलंच नव्हतं. म्हणून परीक्षण बदललं का? तर लांबलाय तो लांबलाच आहे, पण 'कंटाळवाणा' खोडून 'लांब' केलं.