जुनापाणी: सकाळी नऊच्या आत पोहोचा

'विदर्भातलं स्टोनहेंज' (इंग्लंडमधलं उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ) ऐकून जुनापाणीला गेलात तर सपशेल फसाल. नागपूर–काटोल रस्त्यावर शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर हा माळ लागतो. उभे दगड एकही नाहीत. काळे धोंडे गोलाकार मांडलेले, बरेचसे निम्मे मातीत गेलेले, आणि मधे गोट्यांचा बुटका उंचवटा. अशी सुमारे ३०० वर्तुळं, लोहयुगातल्या माणसांनी मृतांसाठी रचलेली. दुपारी बाराला सावली फार आखूड असते, त्यामुळे वर्तुळाच्या आत उभं राहूनही ते कळत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र कडा उठून दिसते आणि काही धोंड्यांवरचे वाटीसारखे खळगेही. उशीर झालाच तर छत्रीची सावली धरून टॉर्च दगडाला टेकवून आडवा मारा. खळग्यांत खडू भरू नका, जागा संरक्षित आहे.

ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने १८६७ मध्ये इथे खणलं, १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी. पुढे विदर्भात अशी वर्तुळं खणणाऱ्या पथकात जाणार असाल, तर सगळा जीव मधल्या भरावावर, म्हणजे त्या गोट्यांच्या उंचवट्यावर, जातो हे आधीच सांगतो. बाकीचं सोपं आहे.

आधी मध्य काढायचा. सरकलेले धोंडे धरून काढलात तर मध्यावरून ताणलेली मापाची दोरी चुकलीच, म्हणून जागेवर घट्ट बसलेलेच धरा. मग चार भाग पाडून समोरासमोरचे दोन आधी उतरवायचे, मधे अर्ध्या मीटरची मातीची भिंत राखायची. थरांचा पुरावा त्याच भिंतीत राहतो. भरावात टिकाव नको: तो गोट्यावरून घसरतो आणि खालच्या मडक्यात बसतो. गोटे हाताने उचला, दर वेळी १० सेंटीमीटरच खाली जा. माती चाळून लांब टाका, नाहीतर शेजारचं वर्तुळ ढिगाखाली जातं.

खरी फसवणूक करते ती काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, वरचं खापर भेगेतून हातभर खाली उतरतं, पावसाळ्यात भेग मिटते आणि खापर मूळचं तिथलंच वाटतं. खुरपीने पृष्ठभाग तासून फवाऱ्याने हलकं पाणी मारा. भेगेतली भुसभुशीत माती वेगळ्या रंगाने दिसते. पाणी जास्त झालं तर चिखल खुरपीला चिकटतो आणि सगळ्या कडा पुसल्या जातात.

गंजलेली कुऱ्हाड किंवा खंजीर बघता बघता गोटा म्हणून फेकला जातो, कारण गंजावर खडे चिकटलेले असतात. भोवतालची माती तांबूस दिसली की थांबा. लोखंड ओढायचं नाही, मातीच्या गोळ्यासकट सोडवून खाली फळी सरकवायची.

अख्खा सांगाडा मिळेल ही आशा सोडा. बहुतेकदा मोजकी हाडं आणि काळी-तांबडी खापरं निघतात.

माहुरझरी हे गाव याच बाजूला आहे, दगडी मण्यांसाठी प्रसिद्ध. मणी दिसला तरी उचलू नका: जागेवरून हलला की तो कोणत्या वर्तुळाचा, हे कायमचं गेलं.