तुम्ही विचारलंत म्हणून: या पिढीतला माझा खेळाडू

मी न्यू जर्सीत राहतो आणि एप्रिल ते ऑक्टोबर बेसबॉल बघतो, हे ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात, कुणाकडे जेवायला गेल्यावर, पुण्याहून आलेल्या भाच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: 'हल्लीच्या तरुण पोरांमध्ये सगळ्यात भारी कोण?' मी एक नाव घेतो आणि तिथून वाद सुरू होतो. कारणं सांगायला तेव्हा वेळ पुरत नाही, म्हणून इथे सांगतो. नाव हुआन सोटो, न्यूयॉर्क मेट्सचा बॅटर.

आधी पिढीची हद्द ठरवू. शोहेई ओतानी १९९४ चा, ॲरन जज १९९२ चा. दोघांचा दबदबा मोठा आहे, पण ते आधीचे. मी धरतो ती पिढी २०१८ च्या सुमाराला वर यायला लागली. रोनाल्ड अकुन्या ज्युनियर, सोटो, फर्नांडो टाटीस ज्युनियर, व्लादिमिर गरेरो ज्युनियर. त्यांच्या मागून हुलिओ रॉड्रिगेझ, बॉबी विट ज्युनियर, गनर हेंडरसन, एली डे ला क्रूझ, पॉल स्कीन्स. या नवांत चार 'ज्युनियर' आहेत, म्हणजे चौघांच्या घरात बाप व्यावसायिक बेसबॉल खेळलेला. टाटीसच्या वडिलांनी तर १९९९ च्या एप्रिलमध्ये एकाच इनिंगमध्ये (डावात) दोन ग्रँड स्लॅम मारले, म्हणजे तिन्ही बेसवर आपले खेळाडू असताना दोनदा होम रन (चेंडू थेट कुंपणापलीकडे), आणि तेही एकाच पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला. तिन्ही बेस पार करून होमला, म्हणजे बॅटरच्या जागी, परत आलं की एक धाव. तेव्हा हा पोरगा चार महिन्यांचाही नव्हता.

मुलांना विचाराल तर ती एली डे ला क्रूझचं नाव घेतात, आणि त्यांचा आनंद मला पूर्ण पटतो. ८ जुलै २०२३ ला मिलवॉकीत त्याने दुसरा बेस, तिसरा बेस आणि मग थेट होम असे तिन्ही बेस दोन चेंडूंच्या आत चोरले, म्हणजे फटक्याची वाट न बघता धावून गाठले. २०२४ मध्ये ६७ बेस चोरले, सगळ्या मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, सर्वाधिक. पण त्याच हंगामात तो २१८ वेळा स्ट्राइकआउट झाला (तीन स्ट्राइक होऊन बाद; नियम पुढे येतो), आणि तोही आकडा सर्वाधिकच होता. इतकी ताकद आणि इतका वेग असलेला माणूस कुठला चेंडू सोडायचा हे शिकला, तर मला हे सगळं पुन्हा लिहावं लागेल.

स्कीन्सला मी या तुलनेत ओढत नाही. पिचर पाच-सहा दिवसांतून एकदा मैदानात उतरतो, त्याचं माप वेगळं. तरी त्याच्याबद्दल एक सांगायलाच हवं. २०२५ मध्ये दर नऊ इनिंगमागे त्याने सरासरी दोनहूनही कमी धावा दिल्या, १.९७, आणि त्याच्या नावापुढे विजय लागले दहा, पराभवही दहा. त्याच्या पिट्सबर्ग संघाच्या बॅटरांनी त्याच्यासाठी धावा केल्याच नाहीत. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मात्र एकमताने त्यालाच मिळाला. पिचरला विजय-पराभवांवरून जोखणाऱ्यांनी हा हंगाम एकदा नीट बघावा.

एकाच हंगामाचा प्रश्न असता, तर मी डोळे मिटून अकुन्याचं २०२३ म्हटलं असतं. ४१ होम रन आणि ७३ चोरलेले बेस. चाळीस आणि सत्तर हे दोन्ही आकडे एकाच हंगामात गाठणारा या खेळाच्या इतिहासातला तो पहिला, आणि एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही, एकमताने. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावरच्या या मुलाला अटलांटाच्या संघाने २०१४ मध्ये अवघ्या एक लाख डॉलरला करारबद्ध केलं होतं. पण जुलै २०२१ मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, आणि त्याच वर्षी त्याच्या संघाने वर्ल्ड सिरीज (अंतिम मालिका) जिंकली ती त्याच्याविना. मे २०२४ मध्ये डावा गुडघा गेला. वर्षभराने परतला तेव्हा आलेल्या पहिल्याच चेंडूवर त्याने होम रन मारला. त्या दिवशी मी घरात ओरडलो होतो. पण पिढीतला सर्वोत्तम कोण हे ठरवताना, जे महिने तो खेळूच शकला नाही तेही मोजावे लागतात. टाटीसबाबत थोडक्यात: बंदी घातलेल्या द्रव्यासाठी २०२२ मध्ये ८० सामन्यांचं निलंबन झालं, आणि ऐन बहराचा काळ वाया गेला.

खरा प्रतिस्पर्धी आहे बॉबी विट.

विट कॅन्सस सिटीचा शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा, सगळ्यात जास्त चेंडू येणारी आणि सगळ्यात अवघड. २०२४ मध्ये त्याने .३३२ च्या सरासरीने (हिट, म्हणजे फटक्याने बेस गाठण्याचं प्रमाण) लीगमधलं फलंदाजीचं अव्वल स्थान घेतलं, ३२ होम रन मारले, ३१ बेस चोरले, आणि शिवाय शॉर्टस्टॉपचा गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार जिंकला. आदल्या वर्षी १०६ सामने हरलेला संघ त्या वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, पोचला. बाल्टिमोरविरुद्ध कॅन्सस सिटीने १-० आणि २-१ असे लागोपाठ दोन सामने जिंकले, आणि दोन्ही वेळा निर्णायक धाव विटच्याच फटक्यावर आली. त्या वर्षी अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) एमव्हीपीसाठी जज पहिला, विट दुसरा आणि सोटो तिसरा होता. सोटोला आजवर एकदाही एमव्हीपी मिळालेलं नाही. विटच्या बाजूने बोलणारे हा मुद्दा मांडतात, आणि तो खरा आहे.

क्षेत्ररक्षणात सोटो सामान्य आहे, कधीकधी त्याहूनही कमी. सगळ्या अंगांची बेरीज केली तर एखाद्या हंगामात विट पुढे जातो, हे मी मान्य करतो. तरीही माझं मत सोटोला. ते का, हे कळायला बॅटरच्या जागी उभं राहावं लागतं.

पिचरच्या उंचवट्यापासून होम प्लेटपर्यंत अंतर १८.४४ मीटर. ताशी १५० किलोमीटरच्या वर येणारा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात पोचतो. प्लेटची रुंदी ४३ सेंटिमीटर. चेंडू तिच्यावरून गुडघे आणि छाती यांच्या मधून गेला आणि बॅटरने सोडला, तर स्ट्राइक. बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बाद, चार बॉल मिळाले की पहिला बेस फुकट, याला वॉक म्हणतात. आपल्याकडे गावसकरांनी ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडला, तर विकेट वाचायची आणि गोलंदाज दमायचा, पण धावफलक हलायचा नाही. इथे सोडण्यालाच थेट मोबदला आहे. आणि अख्ख्या पिढीत सोटोइतकं सोडणं कुणालाही जमत नाही. २०२१ मध्ये त्याने असे १४५ वॉक मिळवले आणि स्ट्राइकआउट झाला फक्त ९३ वेळा. हल्ली बहुतेक नामांकित बॅटर वॉकच्या दुप्पट-तिप्पट वेळा स्ट्राइकआउट होतात. त्यानंतरच्या चार हंगामांतले त्याचे वॉक १३५, १३२, १२९ आणि १२७. या काळात तो चार संघांकडून खेळला, गणवेश बदलले, शहरं बदलली, नजर तीच राहिली. सर्वसाधारण बॅटर दर शंभर खेपांत एकतीस-बत्तीस वेळा बेसवर पोचतो. सोटो कारकिर्दीत चाळीसहून अधिक वेळा पोचला आहे.

'वॉक बघायला कोण तिकीट काढतं?' असं मला विचारतात. तर मग १९ ऑक्टोबर २०२४ ची रात्र बघा. क्लीव्हलँड, दहावी इनिंग, बरोबरी. सोटो तेव्हा न्यूयॉर्क यांकीजकडे होता. पिचर हंटर गॅडिस त्याला वेगवान चेंडू द्यायला तयार नव्हता, फिरते आणि संथ चेंडू देत होता. सोटो ते एकेक करून फाउल, म्हणजे रेषेबाहेर, मारत राहिला आणि हव्या त्या चेंडूची वाट बघत राहिला. सातव्या चेंडूला वेगवान चेंडू आला आणि तो कुंपणापलीकडे गेला. तीन धावा, आणि यांकीज २००९ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीजमध्ये. तो फटका आधीच्या सहा चेंडूंनी घडवला होता. नको ते चेंडू सोडता किंवा खेळून काढता येतात, म्हणूनच हवा तो चेंडू त्याच्या वाट्याला येतो.

दडपणाखालीही त्याची नजर ढळत नाही. १ ऑक्टोबर २०१९ ला त्याचा तेव्हाचा संघ वॉशिंग्टन एका सामन्यावर बाहेर पडायच्या बेतात होतं. आठवी इनिंग, बेस भरलेले, दोन बाद, समोर जॉश हेडर हा तेव्हाचा अत्यंत धोकादायक डावखुरा पिचर, आणि बॅट हातात घेतलेला हा वीस वर्षांचा डावखुरा मुलगा. त्याने उजवीकडे चेंडू मारला, क्षेत्ररक्षकाच्या हातून तो निसटला आणि तिघे घरी आले. त्याच महिन्यात वर्ल्ड सिरीज चालू असताना तो एकवीस वर्षांचा झाला. गेरिट कोल आणि जस्टिन व्हर्लँडर या दोन्ही नामांकित पिचरना त्याने त्या मालिकेत होम रन मारले, आणि वॉशिंग्टनने ती जिंकली.

हा वाद नवा नाहीच. १९४१ मध्ये बॉस्टनच्या टेड विल्यम्सने .४०६ ची सरासरी काढली आणि १४७ वॉक घेतले. त्याच वर्षी यांकीजच्या जो डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत किमान एक हिट मारली. एमव्हीपी डिमॅजिओला मिळालं. त्याचं क्षेत्ररक्षण देखणं, धावणं देखणं, संघही जिंकणारा. विल्यम्सला चेंडू दिसायचा, इतकंच. बेसवर पोचण्याच्या टक्केवारीत मात्र विल्यम्स आजही कारकिर्दीच्या यादीत सगळ्यांच्या वर आहे. विट आणि सोटो यांच्याकडे बघताना मला तीच जोडी दिसते, आणि माझा कल विल्यम्सकडे आहे. पाय तिशीनंतर मंदावतात. अंतर, उंची, वेग यांचा अंदाज घेणारी नजर त्यापेक्षा खूप जास्त काळ टिकते.

पैशांचं मी मुद्दाम शेवटी घेतो. न्यूयॉर्क मेट्सने सोटोला १५ वर्षांसाठी ७६५ दशलक्ष डॉलर दिले, म्हणून तो मोठा, असं मी म्हणत नाही. त्याआधी २०२२ मध्ये त्याने वॉशिंग्टनचे ४४० दशलक्ष नाकारले, हे मला जास्त बोलकं वाटतं. तेवीस वर्षांच्या मुलाला स्वतःची किंमत इतक्या स्वच्छपणे दिसत होती. आणि करारानंतर तो सैलावला नाही. त्याआधी एकाही हंगामात त्याने बारापेक्षा जास्त बेस चोरले नव्हते. २०२५ मध्ये ३८ चोरले आणि ४३ होम रन मारले. मेट्स मात्र शेवटच्या दिवशी हरून प्लेऑफला मुकले, आणि आमच्या भागातल्या मेट्सच्या चाहत्यांच्या घरांत दोन दिवस कुणी धड बोलत नव्हतं.

भाच्याने विचारलंय की उन्हाळ्यात आल्यावर सिटी फील्डला, मेट्सच्या मैदानावर, कुठली तिकिटं काढायची. होम रनचा चेंडू झेलायला मिळेल म्हणून सगळे आउटफिल्डकडे बसतात. तिकडे बसू नकोस. होम प्लेटच्या मागची, अगदी वरच्या मजल्यावरची काढ. त्या मानाने स्वस्त असतात, आणि चेंडू प्लेटच्या आत आहे की बाहेर, हे तिथून दिसतं. सोटोने चेंडू सोडला की तो पाय घासत थोडा पुढे सरकतो आणि थेट पिचरकडे बघतो. चेंडू कुठून गेला ते आधी तू ठरव, मग अंपायर काय म्हणतो ते बघ.